गच्चीवर सोलर, जकुझी की अंगणात पूल? पैसे घालण्याआधी घरमालकांनी मांडायचं गणित

इंदूरच्या पश्चिम भागात, सुमारे २५ फूट उंचीच्या गणेशमूर्तीमुळे ओळखला जाणारा बडा गणपती चौक आहे. चौकाच्या एका अंगाला मल्हारगंज, राजमोहल्ल्याची जुनी वस्ती, तर दुसरीकडे विमानतळाकडे जाणारा रस्ता आणि त्याला लागून वाढलेल्या नव्या कॉलन्या. होळकरांच्या काळापासून इथे स्थिरावलेली मराठी कुटुंबं या दोन्ही बाजूंना राहतात. जुन्या बाजूला तीन पिढ्यांचं सामायिक घर असतं, नव्या बाजूला मुलाने कर्ज काढून बांधलेला दुमजली बंगला. घरात थोडे पैसे जमले की दोन्हीकडे एकच चर्चा सुरू होते. गच्चीवर सोलर बसवावं का? नातवंडं म्हणतात तसा छोटा पूल करावा का? की वरच्या मजल्यावर जकुझी, म्हणजे गरम पाण्याचा टब घ्यावा?

तिन्ही गोष्टी विकणारे तिन्ही सोप्याच सांगतात. पण घराच्या स्लॅबला, पाण्याच्या टाकीला आणि महिन्याच्या बिलाला त्या सारख्या झेपत नाहीत. म्हणून एकेक बाब आकड्यांत मांडून पाहिलेली बरी. उदाहरणं इंदूरची असली, तरी बेळगाव, बिदर, बुऱ्हाणपूर, कारवार, आदिलाबाद किंवा बडोद्याच्या मराठी घरालाही बरंचसं गणित तसंच लागू पडतं. जिथे राज्यागणिक फरक पडतो, तो पुढे वेगळा दिला आहे.

आधी गच्ची काय पेलते ते बघा

भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार, जिच्यावर माणसांची ये-जा असते अशा सपाट गच्चीसाठी साधारण दर चौरस मीटरला १५० किलो चलभार धरला जातो. घरातल्या खोल्यांसाठी हा आकडा २०० किलोच्या आसपास आहे. चलभार म्हणजे माणसं, सामान, पाणी असा वरून येणारा भार. जुन्या घरांत मुळात एवढाही हिशेब झालेला असेल, याची खात्री नसते.

आता तिन्ही वस्तू या आकड्याशेजारी ठेवा.

- सोलर पॅनल : ५४० वॅटचं एक पॅनल साधारण २८ किलोचं असतं आणि अडीच चौरस मीटरवर पसरतं. म्हणजे चौरस मीटरला ११ किलोच्या आसपास. लोखंडी सांगाडा धरला तरी भार कमीच राहतो.
- जकुझी : चार जणांच्या टबात १,२०० लिटर पाणी धरलं तर नुसत्या पाण्याचं वजन १,२०० किलो होतं. दोन बाय दोन मीटर जागेवर ते चौरस मीटरला ३०० किलो पडतं. टबाचं वजन आणि चार माणसं मिळवली की आकडा ४०० च्या आसपास जातो.
- पूल : सरासरी १.३५ मीटर खोलीच्या पाण्याचा भार चौरस मीटरला १,३५० किलो. नेहमीच्या घरगुती गच्चीवर हा विषयच संपतो. पूल जमिनीतच करावा लागतो.

सोलरमध्ये अडचण वजनाची कमी आणि वाऱ्याची जास्त असते. मे-जूनच्या वावटळीत वारा पॅनलखाली शिरून सांगाडा वर उचलतो. त्यामुळे पाय नीट बांधलेले हवेत. नुसत्या विटांवर किंवा सुट्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करू देऊ नये. ड्रिलिंग केलं असेल तर त्या जागी वॉटरप्रूफिंग करून घ्यायलाच हवं. ते राहिलं तर पहिल्याच पावसाळ्यात गच्ची गळते आणि दोष सोलरवर येतो.

जुन्या बांधकामावर भार किती जीवघेणा ठरू शकतो, हे इंदूरने ३० मार्च २०२३ च्या रामनवमीला पाहिलं आहे. बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब गर्दीच्या भाराने कोसळला आणि ३६ जणांचा जीव गेला. घरात टब बसवणं आणि ती दुर्घटना यांची तुलना होऊ शकत नाही, पण खाली काय आहे हे न पाहता वर भार टाकू नये, हा धडा दोन्हीकडे तोच आहे. लाकडी तुळया, कौलं किंवा पत्र्याचं छत असलेल्या घरात स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीच बसवू नये. त्याची फी पुढच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असते.

सोलर : जागा किती, वीज किती

ढोबळ हिशेब असा : एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. तीन किलोवॉटला ३०० चौरस फूट जागा आणि महिन्याला ३३० ते ३६० युनिट. पॅनलची तोंडं दक्षिणेकडे असावीत.

बडा गणपतीच्या जुन्या गल्ल्यांत खरी अडचण सावलीची आहे. शेजारी कुणी तिसरा-चौथा मजला चढवला की दुपारी दोननंतर आपली गच्ची सावलीत जाते. पॅनल एकमेकांना जोडलेली असल्यामुळे एकावर सावली पडली तरी त्या ओळीतल्या इतर पॅनलची वीजही घटू शकते. म्हणून कोटेशन घेण्याआधी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन सावली कुठवर येते, ते खडूने आखून ठेवा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात, तेही लक्षात घ्या. जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी यांची सावली तर हमखास विसरली जाते.

वर्षभर वीज सारखी मिळत नाही. मार्च ते मे हे भरपूर उत्पादनाचे महिने, जुलै-ऑगस्ट कमी उत्पादनाचे. कडक उन्हात पॅनल तापतं आणि तापमान एका अंशाने वाढलं की उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटतं. त्यामुळे पॅनलखालून हवा खेळती हवी. सांगाडा सात-आठ फूट उंच घेतला तर खाली पापड, कुरडया, वाळवण घालायला जागाही राहते. फक्त खर्च वाढतो आणि वाऱ्याचा जोर जास्त लागतो.

अनेकांना आणखी एक गोष्ट उशिरा कळते. लाइट गेली की साधं ऑन-ग्रिड सोलरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. लाइट गेल्यावरही पंखे चालायला हवे असतील तर बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा लागते. तिचा खर्च वेगळा असतो आणि केंद्राच्या अनुदानात बॅटरी धरलेली नाही.

अनुदान : आकडे काय सांगतात

पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांचं लक्ष्य आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली आहे. घरगुती ग्राहकासाठी अनुदान असं :

- १ किलोवॉट : ३०,००० रुपये
- २ किलोवॉट : ६०,००० रुपये
- ३ किलोवॉट आणि त्यापुढे : ७८,००० रुपये, त्यावर वाढ नाही
- गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी : किलोवॉटला १८,००० रुपये

अनुदान विक्रेत्याला मिळत नाही. यंत्रणा बसून, नेट मीटर लागून तपासणी झाली की ते थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतं. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम स्वतः उभी करायची किंवा कर्ज घ्यायचं. तीन किलोवॉटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँका जामिनाशिवाय स्वस्त दराने कर्ज देतात. पॅनल भारतीय बनावटीची आणि विक्रेता योजनेत नोंदणी असलेलाच हवा, तसं नसेल तर अनुदान मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशन जुन्या दराचं तर नाही ना, ते पाहावं.

नेट मीटरमध्ये दिवसा जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि रात्री वापरलेल्या विजेतून ती वजा होते. केंद्राच्या २०२४ च्या दुरुस्त नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती यंत्रणेला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. ५ किलोवॉटपर्यंत वीजवाहिनीची क्षमता वाढवावी लागली तर तो खर्च वीज कंपनीनेच करायचा असतो. त्यामुळे एवढ्या छोट्या यंत्रणेसाठी कुणी ट्रान्सफॉर्मरचे पैसे मागितले, तर ते लेखी मागावे.

कुणाला परवडतं, कुणाला नाही

मध्य प्रदेशात इंदिरा गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांना पहिली १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. सोलरचं गणित इथेच फिरतं. समजण्यासाठी दोन घरं धरू. किंमती आणि दर उदाहरणादाखल आहेत.

पहिलं घर : सात माणसं, दोन एसी, महिन्याला ३५० युनिट. तीन किलोवॉटचं कोटेशन १,८०,००० रुपये. अनुदान वजा जाता १,०२,००० रुपये. महिन्याला ३३० युनिट वाचली आणि युनिट सरासरी ७ रुपये धरलं तर बचत २,३१० रुपये. पैसे साधारण पावणेचार वर्षांत सुटतात. पॅनलची उत्पादन हमी बहुधा २५ वर्षांची असते, इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागतो असं धरून चालावं.

दुसरं घर : आजी-आजोबा दोघंच, महिन्याला १४० युनिट. सवलतीमुळे बिल समजा ३४० रुपये. एक किलोवॉटचं कोटेशन ७५,००० रुपये, अनुदान वजा जाता ४५,०००. सगळं बिल शून्य झालं तरी पैसे सुटायला ११ वर्षं लागतील. या घराने घाई करू नये. मुलगा-सून परत राहायला येणार असतील किंवा एसी लागणार असेल, तर तेव्हा विचार करावा.

थोडक्यात, शेजाऱ्याने बसवलं म्हणून बसवू नये. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढावीत, युनिट जोडावीत, बाराने भागावं आणि आलेल्या आकड्यावर निर्णय घ्यावा.

राज्य बदललं की काय बदलतं

केंद्राचं अनुदान या राज्यांत वर दिल्याप्रमाणेच आहे. वीज कंपनी आणि राज्याची सवलत वेगळी असते.

- मध्य प्रदेश : इंदूर, खरगोन, बुऱ्हाणपूर पश्चिम क्षेत्र कंपनीकडे, बैतूल मध्य क्षेत्राकडे, छिंदवाडा आणि बालाघाट पूर्व क्षेत्राकडे.
- कर्नाटक : बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार हेस्कॉमकडे, बिदर आणि कलबुर्गी जेस्कॉमकडे. २०२३ पासूनच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत, घराच्या सरासरी वापराच्या मर्यादेत, बिल शून्य येतं. ज्यांचं बिल आधीच शून्य आहे त्यांच्यासाठी सोलरची बचतही जवळपास शून्य.
- तेलंगणा : आदिलाबाद भागात पात्र घरांना गृहज्योतीखाली २०० युनिटपर्यंत मोफत. इथेही तोच हिशेब.
- महाराष्ट्र : बहुतांश जिल्ह्यांत महावितरण. सर्वसाधारण घरगुती ग्राहकाला अशी सरसकट मोफत वीज नाही, त्यामुळे मध्यम वापराच्या घरालाही सोलर लवकर परवडतं.
- गुजरात : बडोदा मध्य गुजरात कंपनीकडे, सुरत, नवसारी, डांग दक्षिण गुजरात कंपनीकडे.
- गोवा : राज्य सरकारचं वीज खातं.

सोलर बसल्यावर राज्याची युनिट सवलत ग्रिडमधून घेतलेल्या विजेवर मोजली जाते की वजावटीनंतरच्या, हे आपल्या झोन किंवा सबडिव्हिजन कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

बिल कुणाच्या नावावर?

जुन्या वस्तीत अर्ज अडतो तो बहुतेक याच ठिकाणी. मीटर आजोबांच्या नावावर, घर तीन काकांच्या वाट्याचं आणि गच्ची सगळ्यांची. योजनेत अर्जदाराचं नाव आणि वीजबिलावरचं नाव जुळावं लागतं. त्यासाठी आधी मीटरचं नावांतर करावं लागतं. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि मालमत्ता कराची पावती एकत्र करायला वेळ लागतो. पॅनल मागवण्याआधीच हे उरकावं.

सामायिक गच्चीसाठी भावाभावांनी साध्या कागदावर तरी लिहून ठेवावं : कोणती बाजू कुणाची, पुढे मजला चढवायचा झाला तर पॅनल काढण्याचा खर्च कुणाचा, आणि घर विकलं तर यंत्रणा कुणाची. आज हे लिहिणं अवघड वाटतं, पण पुढचं भांडण त्यामुळे टळतं.

जकुझी : घेणं सोपं, तापवणं महाग

१,२०० लिटर पाणी २५ अंशांवरून ३८ अंशांपर्यंत तापवायला साधारण १८ युनिट वीज लागते. तीन किलोवॉटचं सोलर दिवसभरात १२ युनिट देतं. म्हणजे टब एकदा तापवायला गच्चीवरच्या सोलरची दीड दिवसाची कमाई जाते. पाणी तापलेलं ठेवायचं तर रोजची भर वेगळी. झाकण जाड आणि घट्ट असेल तर ही भर बरीच कमी होते.

गरम पाण्याची खरी गरज अंघोळीची असेल, तर सोलर वॉटर हीटर हा कितीतरी स्वस्त मार्ग आहे. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला गिझरला साधारण साडेतीन युनिट लागतात. चार-पाच माणसांच्या घराला २०० लिटरचा हीटर पुरतो. मात्र पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतात आणि बोअरवेलच्या पाण्यावर तो वेळोवेळी साफ करावा लागतो.

टब घ्यायचाच असेल तर तो तळमजल्यावर, जमिनीवरच्या पक्क्या फरशीवर ठेवावा. लाइन स्वतंत्र घ्यावी, अर्थिंग तपासून घ्यावं आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर बसवावा. पाणी आणि वीज एकत्र येतात तिथे बचत करू नये. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गरम पाण्यात बसू नये.

पूल : प्रश्न पैशांपेक्षा पाण्याचा

आठ बाय चार मीटरचा, सरासरी १.३५ मीटर खोल पूल धरा. त्यात ४३,२०० लिटर पाणी बसतं. शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला ६४ दिवस पुरेल एवढं पाणी एकदा पूल भरायला लागतं. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर रोज १९० लिटरच्या आसपास उडून जातं. फिल्टरचा एक अश्वशक्तीचा पंप सहा तास चालला तर साडेचार युनिट, महिन्याला १३५. क्लोरीन आणि साफसफाई वेगळी.

इंदूरमध्ये हे पाणी येतं कुठून? सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून. खरगोन जिल्ह्यातून नर्मदेचं पाणी उपसून, टप्प्याटप्प्याने चढवत, सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या या शहरात आणलं जातं. पंपांच्या विजेचा भार एवढा की, फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे जनतेकडून उभे केले. ज्या शहराला पिण्याचं पाणी वर आणण्यासाठी कर्जरोखे काढावे लागतात, तिथे नळाच्या पाण्याने पूल भरणं शेजाऱ्यांना खटकणारच. बोअरवेलचा मार्गही खात्रीचा नाही. मध्य प्रदेशात १९८६ च्या पेयजल परिरक्षण अधिनियमाखाली जिल्हाधिकारी टंचाईग्रस्त भाग जाहीर करून नव्या खासगी बोअरवेलवर बंदी घालू शकतात.

पूल करायचाच तर महापालिकेची परवानगी, पावसाचं पाणी साठवण्याची सोय, वापरात नसताना झाकण आणि चारही बाजूंनी कुलूपबंद कठडा एवढं असायलाच हवं. लहान मूल बुडायला फारसा वेळ लागत नाही आणि आवाजही होत नाही. ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे, तिथे कठडा झाल्याशिवाय पाणी भरू नये.

मग क्रम कसा लावायचा?

१. गच्चीची दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग. एकदा पॅनल बसली की खालची गळती शोधणं अवघड जातं.
२. जुने पंखे, बल्ब, फ्रिज बदलून वापर कमी करणं. त्यामुळे पुढे छोटं सोलर पुरतं.
३. मीटरचं नावांतर आणि मंजूर भार तपासणं.
४. अंघोळीसाठी सोलर वॉटर हीटर. गच्चीवर त्याची जागा आधीच राखून ठेवावी.
५. महिन्याचा वापर २०० युनिटच्या वर असेल तर सोलर पॅनल. किमान तीन कोटेशन घेऊनच.
६. एवढं झाल्यावर पैसे आणि पाणी दोन्ही उरत असेल तर टब किंवा पूल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोनवर कुणी फुकट सोलर देतो म्हणालं तर? सावध राहावं. योजनेच्या नावात मुफ्त बिजली असली तरी पॅनल फुकट नाहीत. अर्ज फक्त सरकारी राष्ट्रीय पोर्टलवर किंवा वीज कंपनीमार्फत करावा. ओटीपी आणि आगाऊ रक्कम अनोळखी माणसाला देऊ नये.

भाडेकरूला करता येतं का? घर आणि योग्य छत स्वतःचं हवं, असा योजनेचा निकष आहे. मालकाने अर्ज करावा लागतो.

देखभाल काय? पंधरा-वीस दिवसांनी सकाळी किंवा संध्याकाळी साध्या पाण्याने धूळ धुवायची. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. योजनेतल्या विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते, ती करारात लिहून घ्यावी.

पुढे मजला चढवायचा असेल तर? तो बेत दोन-तीन वर्षांत असेल तर आधी मजला, मग सोलर. पॅनल काढून पुन्हा बसवण्यात पैसा जातो आणि काचेला तडा जाण्याची भीती असते.

कोटेशनमध्ये काय पाहायचं? पॅनलची कंपनी आणि वॅट, इन्व्हर्टरची हमी, सांगाड्याच्या लोखंडाची जाडी आणि गॅल्वनायझिंग, अर्थिंग, वीजरोधक, नेट मीटरचा खर्च धरला आहे की नाही, आणि अनुदान वजा करण्याआधीची पूर्ण किंमत. एवढ्या बाबी लेखी न देणाऱ्या विक्रेत्याकडून यंत्रणा घेऊ नये, मग भाव कितीही कमी असो.